स्वतःचंच रक्त आहे म्हणून डोळे झाकून टोचून घ्यायचं का?

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अर्धं पान मजकूर होता, स्वतःच्याच रक्ताने त्वचारोग बरे करा म्हणून. सोरायसिस, एक्झिमा, अंगावर पित्त उठणं, सगळ्यावर एकच इलाज, साइड इफेक्ट शून्य, आणि खाली कोपऱ्यात दिसेल न दिसेल असं 'जाहिरात'. माझं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणारं यंत्र) फिरवण्यात गेलं, म्हणून राहवलं नाही.

मुळात त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीये, पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) आणि सिरम थेरपी. पीआरपीला रक्त सायट्रेटसारखं औषध असलेल्या ट्यूबमध्ये घेतात म्हणजे ते गोठत नाही, फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात आणि वरच्या पिवळ्या प्लाझ्मातला प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणारे बारीक कण) जास्त असलेला भाग कातडीत टोचतात. सिरम थेरपीत उलट, साध्या ट्यूबमध्ये रक्त आधी गोठू द्यायचं, मग फिरवून वरचं पिवळं सिरम घ्यायचं आणि ते दंडात नाहीतर कमरेत, साधारण दोन एमएल, दर आठवड्याला एक असं आठ-दहा वेळा. सहा आठवड्यांच्या वर चाललेल्या जुन्या पित्ताला आपल्याकडे काही स्किनचे डॉक्टर हे बरीच वर्षं देतात, कारण पित्तावरचं ओमॅलिझुमॅब नावाचं महागडं इंजेक्शन सगळ्यांना परवडत नाही आणि यात सिरिंज आणि ट्यूब सोडली तर खर्च तो काय! काहींना आराम पडतो. पण नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनशी तुलना केली तेव्हा ठाम फरक दिसला नाही हेही खरंय. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या कातडीच्या त्रासावर पीआरपीची २०१९ मध्ये अमेरिकेतली डबल ब्लाइंड (कोणाला खरं इंजेक्शन, कोणाला खोटं हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं अशी) चाचणी आली, त्यातही खोट्या इंजेक्शनपेक्षा ते सरस ठरलं नाही.

माझ्या वहिनीला पित्ताचा जुना त्रास (आमसुलाचं पाणी लाव हा सल्ला शेजारपाजारचे फुकट देतातच), तिला एका क्लिनिकने याच सिरमचं पाच आकडी पॅकेज सांगितलं, वर चालू असलेली पित्ताची गोळी लेव्होसेटिरिझिन आजपासून बंद करा म्हणाले. मग आठवड्याभरात ओठ सुजले, रात्रीत दवाखाना गाठावा लागला. पैसे मात्र आगाऊ भरलेले.

आणि स्वतःचं रक्त म्हणजे धोका नाही हे कोणी सांगितलं, ट्यूबवर नाव नसेल तर ते स्वतःचंच कशावरून? न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये २०१८ साली नाव नसलेल्या रक्ताच्या ट्यूबा किचनच्या ओट्यावर सापडल्या, फ्रिजमध्ये खाण्याशेजारी इंजेक्शनं, आणि तिथे चेहऱ्यावर पीआरपी करून घेतलेल्या बायकांना एचआयव्ही झाल्याचं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये छापलं. तेव्हा सुई, ट्यूबची पाकिटं समोर फोडायला लावा, रक्त काढल्या काढल्या लेबल लावून घ्या आणि डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहे का ते विचारा, लाजू नका.

तुम्हाला विनंती एवढीच की असला मजकूर छापायचाच असेल तर 'जाहिरात' हा शब्द हेडिंगच्या वर, हेडिंगएवढ्याच टायपात टाका.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सांगली