मायनं गूळ चोरला नव्हता

प्रिय सुरेश,

तुझं पत्र पोळ्याच्या सुमारास आलं, उत्तराला दिवाळी उलटली. रागावू नको. सोयाबीन निघालं नि लगेच कापसाची वेचणी लागली.

मायच्या शुगरचं तुला सांगायचंच आहे. रात्री निजताना मशीनवर 130 नि पहाटे साडेपाचला 180! मधात पोटात अन्नाचा कण नाही. तीनदा असं झालं तेव्हा माझं डोकं फिरलं, गुळाचा डबा मी कुलपात टाकला. माय चहा पिता पिता एवढंच म्हणाली, "मले चोर ठरवलं गा तू."

वर्ध्याचे डॉक्टर हसलेच. म्हणाले, ही साखर डब्यातली नाही, लिव्हरमधली. कोंबडा आरवायच्या आधीच मेंदूतलं घड्याळ जागं होतं, कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर साठवणीतली साखर रक्तात सोडतं. उठल्या उठल्या माणसाला कामाला लागता यावं ना! तुझ्यामाझ्याही अंगात हे रोज होतं, पण आपलं इन्सुलिन ते निभावून नेतं. मायचं कमी पडतं.

मग मी वाचतच सुटलो. क्लोद बेर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1849 साली सशाच्या मेंदूच्या बुडाशी सुई टोचली, नि थोड्या वेळात सशाच्या लघवीत साखर उतरली. म्हणजे साखरेवर मेंदूचाही हात असतो. इन्सुलिन सापडायला तेव्हा सत्तरेक वर्षं बाकी होती! आपण मात्र अजून सगळं खापर जिलेबीवर फोडतो. मेंदूचाही यात स्वार्थ आहेच म्हणा. वजन अंगाच्या जेमतेम 2 टक्के, खाणं 20 टक्के, आणि स्वतःच्या कोठीत जवळजवळ दाणा नाही. साठा लिव्हरचा, हुकूम याचा. जुना मालगुजार जमीनदारच.

त्या मालगुजाराची बोंब गेल्या आठवड्यात ऐकली. माय शुगरची गोळी घेऊन भाकर न खाताच वावरात गेली. दहाच्या सुमारास तिच्या ओटीतला कापूस सांडला. हात लटलट कापत होते, पदर घामानं ओला, नि बोलणं नुसतं खेकसणं. रक्तातली साखर फार घसरली की मेंदू अ‍ॅड्रेनलिन सोडायला लावतो, हे बरंचसं त्याचंच. पोराला गूळ आणायला घरी पिटाळलं, तर डब्याला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात! शेवटी एका वेचणाऱ्या बाईनं चहासाठी आणलेली साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी माय ठिकाणावर आली, नि पहिल्यांदा मलाच झापलं.

आता तिच्या पदराच्या गाठीला गुळाचा खडा असतो. बायांना तो दाखवते नि म्हणते, "पोरानं परवानगी देल्ली."

हुरड्याला ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू