टेस्ट फाउंडरने द्यावी, पण निकाल टीमसमोर वाचावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या एका छोट्या स्टार्टअपमधे मी सहा वर्षं ऑपरेशन्स बघतेय. आजकाल फाउंडर लोकांना स्वतःची ओळख व्हावी म्हणून पर्सनॅलिटी टेस्ट द्यायला लावतात, त्याबद्दल लिहायचं होतं.

आमच्या फाउंडरने एमबीटीआय नावाची टेस्ट दिली, तिच्यात ईएनटीजे हा प्रकार आला, आणि मग कोणावर आवाज चढला की "अरे मी ईएनटीजे आहे, मी असाच". म्हणजे स्वतःला ओळखणं राहिलं बाजूला, हातात सबब आली. पुढे तर इंटरव्ह्यूला आलेल्या मुलांना पण तीच टेस्ट द्यायला लावली, खरं तर ही टेस्ट विकणारेच सांगतात की नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नका. कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारांवरून या टेस्टमधे माणसांचे 16 प्रकार पाडले, पण माणूस काय एवढा एका कप्प्यात बसतो का?

फरक पडला तो मागच्या वर्षी. एका मेंटॉरने फाउंडरला बिग फाइव्ह ही दुसरी टेस्ट करायला लावली, तिच्यात प्रकार नसतात, पाच गुण आणि प्रत्येकाचा कमीजास्त स्कोअर, आणि अट घातली की निकाल टीमसमोर वाचायचा आणि विचारायचं, हे खरंय का. त्याने वाचलं, अ‍ॅग्रीएबलनेस (म्हणजे दुसऱ्यांशी जुळवून घेण्याचा गुण) बराच कमी. सगळे गप्प, नुसता एसीचा आवाज. मग टेस्टिंगमधली आमची सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "सर, माझं वाक्य संपायच्या आधीच तुम्ही उत्तर देता." त्याला खरंच माहीत नव्हतं हो! दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, "आधी ऐक". अजून आहे ती, कोपरे दुमडलेत.

लुफ्ट आणि इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी 1955 मधे जोहारी खिडकी मांडली, म्हणजे आपल्याबद्दल आपल्याला काय दिसतं आणि लोकांना काय दिसतं याचा तक्ता. त्याच्या चार भागांतला एक नेमका हाच, लोकांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. टेस्ट आपण स्वतःच भरतो, मग तो भाग तिच्यात एकट्याने कसा सापडणार?

म्हणून नव्या स्टार्टअपना आधार देणारे इन्क्युबेटर चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती, टेस्टवर पैसे घालवताय तर सोबत टीमबरोबरचा एक तास पण ठेवा. आणि बोलणाऱ्याच्या अप्रेझलवर त्याचा काही परिणाम होणार नाही हे फाउंडरकडून आधी सगळ्यांसमोर वदवून घ्या. आमच्या त्या मुलीने तोंड उघडायच्या आधी दोनदा माझ्याकडे बघितलं होतं.

आपली,
एक वाचक, पुणे