तू माझ्यासारखी ओरडलीस म्हणून

चि. मनूस,

आशीर्वाद वगैरे तुला माहीतच आहेत, सरळ मुद्द्यावर येते.

काल रात्री तू फोनवर म्हणालीस, "आई, आज मी वर्गात अगदी तुझ्यासारखी ओरडले," आणि लगेच हसून विषय बदललास, पण माझी झोप गेली ती गेलीच. अपूर्णांकांची बेरीज, फळ्यासमोर उभा असलेला तो गप्प गप्प मुलगा, आणि तू तिसऱ्यांदा "अरे किती वेळा सांगायचं" म्हटल्यावर त्याने खडू हळूच खाली ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. तू एवढंच सांगितलंस, पण मला ते सगळं दिसलं गं, कारण आपल्या अभ्यासाच्या टेबलाशी त्या मुलाच्या जागी तू असायचीस आणि तुझ्या जागी मी. फोनवर मला नीट बोलता येत नाही, रडायला येतं नाहीतर उपदेश सुरू होतो, म्हणून लिहिते आहे. मोठं होणारे, वेळ मिळेल तसं वाच.

आधी माझं सांगते. तीस वर्षं शाळेत शिकवलं, शाळेत मी शांत बाई म्हणून प्रसिद्ध, एकेका पोराला चार चार वेळा समजावून सांगायचे आणि कपाळावर आठी नाही. आणि घरी तुला दुसऱ्यांदा सांगतानाच आवाज चढायचा. का, तर दुसऱ्याच्या मुलाची चूक ही नुसती चूक असायची, तुझी चूक म्हणजे मला माझाच निकाल वाटायचा, की बाई जगाला शिकवतात आणि यांच्या घरात बघा. हे तेव्हा कळत नव्हतं असं नाही, थोडं थोडं कळायचं, पण तोपर्यंत ओरडून झालेलं असायचं.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना तुझी पाचवीची गणिताची वही सापडली. त्यात एक पान आहे, २/३ अधिक १/४. तू पेन्सिलीने उत्तर लिहिलंस, मग खोडलंस, मग दुसरं लिहिलंस ३/७, म्हणजे वरचे वर मिळवले खालचे खाली. त्यावर माझी लाल फुली, कागद फाटेल इतकी जोरात. पण खोडलेलं उत्तर बघ ना, ते होतं ११/१२. बरोबर होतं. तू आधी बरोबर लिहिलं होतंस आणि मग बहुतेक माझ्या तोंडाकडे बघितलंस. मी तेव्हा दमलेली असेन, कसला तरी विचार करत असेन, पण तुला वाटलं असणार आई चिडली म्हणजे चुकलंच.

मी तेव्हा काय म्हणायचे आठवतंय? "हिचं गणितात डोकंच नाही." तुझ्यासमोर म्हणायचे, लोकांसमोरही.

आता डोक्याचंच सांगते, कारण याबद्दल मी नंतर बरंच वाचलं, उशिराच, पण वाचलं. छेद समान करायचा म्हणजे मुलाला एकाच वेळी किती गोष्टी धरून ठेवाव्या लागतात बघ, १२ हा छेद, २/३ चे झाले ८/१२, ते विसरायचं नाही, मग १/४ चे ३/१२, मग बेरीज. ही धरून ठेवायची जागा सगळ्यांनाच थोडी असते, हुशार पोरालाही. आणि भीती येऊन बसते ती नेमकी त्याच जागेत. ॲशक्राफ्ट आणि कर्क या दोघांनी २००१ मध्ये हे छापलं होतं, लोकांना काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगून वर हातच्याच्या बेरजा करायला लावल्या, तर ज्यांना गणिताची धास्ती होती त्यांच्या चुका जास्त अक्षरं डोक्यात धरायला लागली की फारच वाढल्या. म्हणजे तुझा तो मुलगा फळ्यासमोर दोन गणितं करत होता, एक फळ्यावरचं आणि दुसरं "बाई आता काय म्हणतील, मागची पोरं हसताहेत का" हे. दुसऱ्यातच सगळी जागा गेली.

तू म्हणशील मग थोडा धाक नकोच का. तसंही नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे कमी-जास्त जोराचे झटके देत उजेडाचा आणि काळोखाचा रस्ता ओळखायला शिकवलं होतं (बिचारे उंदीर), त्यात असं दिसलं की ओळखायचं काम सोपं असेल तेव्हा जोराचा झटकाही चालून गेला, पण काम अवघड झालं की जोराच्या झटक्याने शिकणं उलट मंदावलं, बेताचाच बरा पडला. आता उंदरांवरची गोष्ट पोरांना तशीच्या तशी चिकटवू नये, पण मला त्यातून माझं एक कोडं सुटल्यासारखं वाटलं. तुझे पाढे मी ओरडून पाठ करून घेतले होते आणि ते झाले पाठ, म्हणून मला वाटलं ओरडणं चालतं. पाढे म्हणजे सरळ रस्ता. अपूर्णांक म्हणजे वळणं, तिथे ओरडलं की पोर जागच्या जागी थिजतं.

आणि अजून एक फसवणूक आहे ती तर मला साठीला आल्यावर कळली. डॅनियल कानेमन म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांसमोर व्याख्यान दिलं की रागावण्यापेक्षा कौतुकाने माणूस चांगला शिकतो. तर एक जुना प्रशिक्षक उठून म्हणाला, साहेब आमचा अनुभव उलटा आहे, मस्त कसरत केली म्हणून कौतुक करावं तर पुढच्या वेळी बिघडवतात, आणि खराब केली म्हणून झापलं की पुढच्या वेळी सुधारतात. मग कानेमनांनी त्या सगळ्यांना पाठमोरं उभं करून मागच्या खुणेवर दोन दोन नाणी टाकायला लावली. ज्यांचं पहिलं नाणं अगदी जवळ पडलं त्यातल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं, ज्यांचं पहिलं लांब पडलं त्यांचं दुसरं जवळ आलं. कोणी कोणाला झापलं नाही, कोणी शाबासकी दिली नाही. फार वाईट झाल्यानंतरची वेळ साधारण बरीच जाते, आपोआप. आणि आपण नेमकं फार वाईट झाल्यावरच ओरडतो ना, म्हणून दर वेळी वाटतं ओरडल्यामुळे सुधारलं. मी तीस वर्षं आजूबाजूच्या स्टाफरूममध्ये "जरा दम दिला की लगेच लायनीवर येतात" हे ऐकलं, मीही मान डोलावली, कोणाच्याही डोक्यात हा विचार आला नाही.

बरं, आता तो मुलगा. तू म्हणालीस "आई तो बोलतच नाही, विचारलं की नुसता बघत बसतो." तूही अशीच होतीस. तुझी ताई प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची, अर्धी उत्तरं चुकीची पण आवाज खणखणीत, आणि सगळे म्हणायचे पोरगी हुशार. तू आधी मनात सगळं जुळवायचीस, मग बोलायचीस, तोपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असायचा. घुमी म्हणायचे तुला, मी पण. मेरी बड रो नावाच्या बाई होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून मोजलं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात, तर सरासरी एक सेकंद! एक सेकंदात गप्प मुलाचं तोंड उघडायचं कसं? तेच तीन सेकंदांच्या पुढे थांबायला लागले तेव्हा उत्तरं लांब यायला लागली, आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत तीही बोलायला लागली. उद्या करून बघ, मनात आकडे मोज, तीन सेकंद इतके लांब वाटतात की जीव घाबरा होतो, आपल्यालाच वाटतं आपलं काहीतरी चुकलं. थांब तरी. आणि त्या वेळात त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नकोस, फळा पूस काहीतरी कर.

स्वभावाबद्दल तू तुमच्या ट्रेनिंगमधलं सांगत होतीस ना, हा मुलगा बघून शिकणारा, ही मुलगी ऐकून शिकणारी, तसे गट पाडायचे. मला ते कधीच फार पटलं नाही, आणि २००८ मध्ये पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा सगळा पुरावा तपासला तर गटाप्रमाणे शिकवलं की जास्त शिकतात असं म्हणायला पुरेसा आधार नाही असंच त्यांनी लिहिलं. आकृती अपूर्णांकाला लागते, मुलाला नाही, म्हणजे विषय बघून ठरव की चित्र काढायचं का बोलायचं. स्वभावाने फरक पडतो तो वेगळ्या तऱ्हेने. २००९ मध्ये पोरोपॅट यांनी स्वभाव आणि मार्क यांच्यावरचे खूप सारे अभ्यास एकत्र केले, तर सगळ्यात जास्त संबंध निघाला तो नेटाने, नीटनेटकं, वेळच्या वेळी काम करणाऱ्या स्वभावाशी. बोलकेपणाशी जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे कोण हात वर करतो यावरून कोण हुशार हे ठरवू नकोस, मी तेच केलं घरात, दोघींचंही नुकसान केलं. ताईला इतकं "हुशार हुशार" म्हटलं की तिने पुढे अवघड काही हातातच घेतलं नाही, ते जाऊ दे, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

शिकवायच्या पद्धतीबद्दल तुला सांगायला मी कोण, पण तरी सांगते. तू दोन्ही वेळा "समजलं का सगळ्यांना?" विचारलंस आणि सगळे "हो" म्हणाले, असं तू सांगितलंस. अगं त्या "हो"ला काही अर्थ नसतो, आणि मुलं खोटंही बोलत नसतात, त्यांना खरंच वाटतं समजलं, कारण फळ्यावर बाई सोडवत असताना सगळं सोपंच दिसतं. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग आहे, काहींना एक उतारा चार फेऱ्या वाचायला दिला, काहींना एक फेरी वाचून मग तीनदा न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि गंमत म्हणजे आपल्याला आठवड्यानंतर छान आठवेल असं जास्त वाटत होतं ते वाचणाऱ्यांनाच. म्हणून "समजलं का" विचारू नकोस, वही मिटायला सांग आणि एक गणित दे, मार्क नाहीत, कोणाला दाखवायचं नाही, स्वतःच तपासायचं. मार्क आले की परत भीती येते आणि सगळं मुसळ केरात.

त्या मुलाला मात्र एकदम अख्खं गणित देऊ नकोस. त्याला २/३ अधिक १/४ पूर्ण सोडवलेलं दे, फक्त शेवटची पायरी रिकामी, ८/१२ अधिक ३/१२ बरोबर किती एवढंच. ते जमलं की पुढच्यात शेवटच्या दोन पायऱ्या रिकाम्या. असं मागून मागून सोडत ये. पहिल्याच दिवशी त्याच्या वहीत एक तरी गणित पूर्ण झालेलं दिसेल, शेवटची ओळ त्याच्या हातची.

आणि त्याला सॉरी म्हण. बाजूला बोलावून नको, ओरडलीस सगळ्यांसमोर तर सॉरीपण सगळ्यांसमोर, पण एकच वाक्य, "काल मी उगाच चिडले, तुझी चूक नव्हती," आणि लगेच शिकवायला लाग. लांबवलंस तर तो बिचारा अजून आवळून बसेल. मला हे तुझ्याबाबतीत कधी जमलं नाही. रात्री तू झोपल्यावर तुझ्या केसांवरून हात फिरवायचे आणि मला वाटायचं झाली भरपाई, तुला तर कळतही नसेल.

तू का ओरडलीस तेही मला माहितेय. पोर्शन मागे पडलाय, पुढच्या आठवड्यात तपासणीला येणारेत, तीन रात्री नीट झोपली नाहीस. धास्ती तुझ्याही डोक्यातली जागा खाते ना मग. तिसऱ्यांदा सांगताना तू पहिल्या वेळचीच वाक्यं त्याच क्रमाने जास्त मोठ्याने म्हणालीस, तूच सांगितलंस, कारण वेगळी पद्धत सुचायला डोकं मोकळं लागतं. तेव्हा आज लवकर झोप. दोन पानं पोर्शन मागे राहिला तर राहिला.

ती वही मी टाकली नाहीये. येशील तेव्हा दाखवते तुला. माझी लाल फुली तर आहेच, पण पान खिडकीशी नेऊन जरा तिरपं धरलं ना, की खाली ११/१२ अजून दिसतं.

तुझी,
आई