मुंढा अर्धा इंच उतरवलाय

बाळा,

रविवारी रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस सुटली आणि तू खिडकीतून हात पण केला नाहीस. बाबा म्हणाले चल आता, उशीर झाला की रिक्षावाले डबल सांगतात, तरी मी थोडा वेळ तिथंच बाकड्यावर बसलो. घरी येऊन फोन करणार होतो, खरं फोनवर मला धड बोलता येत नाही, तू नुसतं हं हं करतीस आणि मी नको ते बोलून बसतो. म्हणून टाईप करूलालोय, चष्मा लावून एका बोटानं. (तुझी ती पुण्याची मैत्रीण हसत होती ना, आई 'मी आलो, मी गेलो' म्हणते म्हणून. हसू दे. आमच्या बेळगावात बायका असंच बोलत्यात.)

पहिलं सांगून टाकतो, पैशाचं विचारणार नाही. त्या मुंबईच्या दुकानात तुझी 22 जॅकेटं पडून आहेत की विकली, विकली असली तर चार महिने झाले पैसे का नाहीत, ते तुझं तू बघ. विचारणार नाही म्हणजे नाही.

मी लिहायला बसलो ते जॅकेटाचं सांगायला. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या सहातलं एक तू इथंच खुर्चीवर टाकून गेलीस, हिरव्या खणाचं. आत्तीसमोर मी 'मुंढा, बगलेचा घेर, चुकलाय' म्हणालो ते बोलायला नको होतं. तू एवढी सहा वर्षं एक्सपोर्टच्या कंपनीत राबलीस, नोकरी सोडून स्वतःचं काढलंस, आणि आईनं चार माणसांत तुझी शिवण काढायची, हे बरं नव्हे. आत जाऊन हळूच सांगायला पाहिजे होतं. खरं चुकलाय तो चुकलायच.

तू गेल्यावर सोमवारी दुपारी ते घेऊन उजेडात बसलो. उलटं केलं. खणाचा पन्हा मुळातच एका चोळीपुरता, त्यात जॅकेट बसवायचं म्हणजे जोड आलाच, तो जोड तू बगलेखाली असा घेतलाईस की मला पण बोट फिरवूनच कळला. काठ बरोबर पुढं बटणपट्टीवर आणलाईस, दोन्ही बाजूंची नक्षी एकासमोर एक. पाठीवरचा कसुतीच्या भरतकामाचा रथ बघायला खालून अस्तर थोडं उसवलं (परत शिवलंय, घाबरू नको). मागनं एक गाठ नाही. गवंती टाका उलटा-सुलटा सारखाच दिसतो हे माहीत आहे मला, आज्जीच्या चंद्रकळेवर बघितलंय, खरं आजकाल एवढं कोण करून देतं? धारवाडच्या त्या बायकांना सांग आईनं विचारलंय म्हणून. मी 30 वर्षं मशिनवर बसलो, कटोरी, प्रिन्सेस कट, फॉल-पिको, सगळं केलं, खरं काठ असा फिरवायचं मला कधी सुचलं नसतं. हे तोंडावर सांगायला जमत नाही म्हणून लिहितो.

खरं बघ, 36 च्या मापाला तू मुंढा 7.5 धरलास. ब्लाऊजला तेवढा बरोबर. जॅकेट कुडत्यावर चढतं, आत आधीच एक बाही असते, आणि खण काय ताणत नाही. हात वर केला की बगलेत काचणार आणि पाठ वर चढणार. परत पाठवलेल्या बायकांनी कारण काय लिहिलं होतं? 'टाईट'. टाईट छातीत नाही गं, मुंढ्यात. तू छातीत सोडत बसलीस आणि जॅकेट पोत्यासारखं झालं. शिकलेल्या पोरी कॉम्प्युटरवर माप काढतात आणि हात वर करून बघत नाहीत. झालं, सुरू झालं माझं लेक्चर. सोड.

तू दाखवलेला तो व्हिडिओ मी परत बघितला, विदिशा गावच्या त्या डिझायनर वैशालीचा, 2021 ला पॅरिसला कपडे दाखवले तिचा. खणाचं काम करून तिथवर गेली म्हणजे काय खेळ नव्हे. आणि त्या फॅशनवाल्या अनिता डोंगरेंनी दोन मशिनवर सुरुवात केली असं तू बाबांना सांगत होतीस तेव्हा मी कणिक मळत होतो, मनात म्हणालो दोन मशिनवर आपण पण होतो की, उषा आणि ती जुनी सिंगर. दोन मशिनवर राहिलेल्यांचा व्हिडिओ कोण काढत नाही. तसं म्हणायचं नाही मला. तू होशील मोठी. खरं मला ते शहापूरचं लग्न आठवतं.

तू पाचवीत होतीस. 34 ब्लाऊज, सगळे अस्तराचे, आठ दिवसांत. शेवटच्या तीन रात्री मी झोपलो नाही, लाईट गेली की बाबा बॅटरी धरून उभे आणि तू चिंध्यांच्या ढिगावर झोपलेली, कानात दोरे. निम्मे पैसे दिले आणि म्हणाले लग्न होऊ दे. लग्न झालं. सात वेळा गेलो त्यांच्या दारात. सहाव्या वेळेला बुंदीचे लाडू दिले ताटलीत घालून, सातव्या वेळेला मालकीण घरात असून नाही म्हणून सांगितलं. त्या महिन्यात तुझी फी राहिली आणि तुला वर्गात उभं केलं. तू घरी येऊन सांगितलं नाहीस. मला दुसऱ्या पोरीच्या आईकडनं कळलं, भाजी घेताना. ते आठवलं की अजून मेथीची जुडी हातात तशीच राहते.

म्हणून विचारतो, कागद आहे काय गं त्या दुकानाचा? सहीचा?

आता विचारलंच तर सगळं सांगतो. बाबांच्या डेपोतल्या मित्राचा पोरगा टॅक्सचं बघतो, त्याला विचारून ठेवलंय. तुझं नाव काढलं नाही, एक ओळखीची पोरगी म्हणून सांगितलं, तो हसला म्हणजे कळलंच असेल. तो म्हणाला आपला माल आपण बनवतो आणि उद्यम रजिस्ट्रेशन आहे, तर लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, 2006 चा कायदा आहे. काहीच लिहिलेलं नसलं तर 15 दिवसांत. खरं 'विकलं तर पैसे' म्हणून माल ठेवला असेल तर दिवस कुठनं मोजायचे ते कागदात काय लिहिलंय त्यावर. म्हणजे फिरून कागदावरच आलं. कुठली जॅकेटं विकली त्याची यादी दर महिन्याला मागून घे म्हणाला.

अजून एक म्हणाला. तू किंमत 2,600 लावलीस. गेल्या सप्टेंबर 2025 पासून कपड्याला 2,500 पर्यंत 5 टक्के जीएसटी आणि त्याच्या वर गेलं की 18. मी वहीत मांडून बघितलं, 2,500 चं जॅकेट गिऱ्हाइकाला 2,625 ला पडतं आणि 2,600 चं 3,068 ला. तुला शंभर जास्त मिळूलालेत आणि ती बाई 443 जास्त भरूलालीय. एकतर खाली ये, नाहीतर कसुतीचं काम सांगून सरळ साडेतीन हजाराला जा. मधी लटकू नको. बाबा म्हणूलालेत तिला टॅक्स शिकवू नको, ती शिकलेली आहे. बरोबर आहे त्यांचं. माफ कर.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. गुळेदगुड्डच्या खण विणकराला तू रोख देतीस. कसुतीच्या बायकांना रोख देतीस. तू सांगितलंस तेव्हा मी बाबांकडे बघितलं, बाबा माझ्याकडे, आमची पोरगी कुणाचे कष्ट ठेवून घेत नाही म्हणून बरं वाटलं. आणि रात्री पोटात गोळा आला, कारण देताना रोख आणि घेताना उधार, ही मधली भर कोण घालूलालंय? तूच ना? वडगावात काय झालं तू बघितलंईस. लॉकडाऊनमध्ये काकांच्या साड्या व्यापाऱ्याकडे आणि पैसे पण व्यापाऱ्याकडे, शेवटी चार माग भंगाराच्या टेम्पोत चढले. गल्ली अशी गप्प झाली की आज्जीला ऐकायला येईना असं वाटलं, कानात मळ झाला म्हणून तेल घालून बसली.

इथं परत ये असं म्हणत नाही. टिळकवाडीत एक गाळा रिकामा आहे एवढंच सांगतो. बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे, ते लिहून घेऊ, तुझं नाव काय दोन्ही भाषेत सारखंच. शेजारच्या अक्का रोज विचारूलाल्यात, मगळू यावाग बर्ताळे, पोरगी कधी येणार म्हणून. मी म्हटलं कामात आहे.

जेवतीस काय वेळेवर? मान दुखते म्हणाली होतीस. टेबल उंच घे, मी घेतलं नाही, माझी मान बघ.

आता मुद्द्याचं. हिरव्या जॅकेटाची मुंढ्याची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी उसवली, मुंढा अर्धा इंच उतरवलाय, पट्टी परत लावलीय, धावदोरा हातानं घातलाय म्हणजे तुझ्या आतल्या कामाशी जुळेल. छातीत तू सोडलेलं परत आत घेतलंय. आज रात्रीच्या बसनं पार्सल येतंय, सकाळी जाऊन घे. कुंद्याचा डबा आहे, त्याच्या खाली जुन्या कॅलेंडरच्या कागदावर 36, 38, 40 तिन्ही मापाचा मुंढा कापून ठेवलाय, तुपाचा डाग पडू देऊ नको. बाकीची पाच पण पाठव, दिवसाला एक करतो. घालून हात वर करून बघ, बसमधी दांडा धरतो तसा. नाही बसलं तर भांड माझ्याशी, खरं फोन कर.

शिलाई 120 रुपये झाली. बाबा म्हणाले पोरीकडनं पैसे घेतीस? म्हटलं होय. गूगल पे कर, उधार नाही.

आई