गुप्तधनाचे खड्डे आणि तंत्रशास्त्राची ढाल

मा. संपादक,
स. न.

गुप्तधनासाठी खड्डा खणणाऱ्या टोळीची बातमी आपल्या जिल्हा पानावर वाचली. पडक्या वाड्याची ओसरी कंबरभर उकरलेली, काठावर हळदकुंकू, टाचण्या खोचलेली लिंबं, मान मुरगळलेली काळी कोंबडी. आमच्या भागाला हे नवे नाही. कापसाचा चुकारा हाती पडला की असले 'जाणते' गावोगाव फिरू लागतात, कोणाकडे पायाळू (जन्मताना पाय आधी आलेला) माणूस आहे का विचारतात. आणि कोणी हटकलेच तर उत्तर ठरलेले : हे तंत्रशास्त्र आहे, तुम्हाला नाही कळायचं!

ज्या शास्त्राची ही मंडळी ढाल करतात, त्याने यांना केव्हाच दाराबाहेर काढले आहे. कुलार्णव तंत्र हा कौल नावाच्या तांत्रिक मार्गाचा मान्य ग्रंथ. लोक ज्याला वाममार्ग म्हणून नाक मुरडतात, तोच हा मार्ग. त्यात शिव पार्वतीला सांगतात, की शिष्याचे धन हरणारे गुरू पुष्कळ, त्याचा ताप हरणारा दुर्लभ. दारू पिऊन सिद्धी मिळत असती तर सगळे दारुडे सिद्ध झाले असते, हेही त्यातच आहे. मद्यमांसाचा विधी या मार्गात आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. पण तो दीक्षा घेतलेल्यांसाठी, गुरूच्या धाकात.

मग साधनेत तंत्राचे काम काय? देव आहे एवढे सांगून ते थांबत नाही. मंत्र, न्यास (मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करणे), मुद्रा, ध्यान यांतून देह, श्वास आणि वाणी कामाला लावते. दिवेलागणीला पोरं रामरक्षा म्हणतात ती नीट ऐका. आरंभी ऋषी, देवता, छंद, मग 'सीता शक्तिः', मग हनुमान कीलक, म्हणजे मंत्राची खीळ. ही शक्ती-कीलकाची मांडणी तांत्रिक मंत्रविधीची. पुढे डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली करायचा, ते कवच. गणपतीच्या प्राणप्रतिष्ठेत गुरुजी मूर्तीच्या हृदयाशी हात ठेवून मंत्र म्हणतात, तेही याच वळणाचे.

वारकरी मंडळींना हे रुचणार नाही, पण ज्ञानेश्वरीच्या पारायणात सहावा अध्याय आला की वाचणाऱ्यांचा वेग का वाढतो? कुंडलिनी, म्हणजे देहात सुप्त असलेली शक्ती, जागी होते तेव्हा देहात काय काय घडते, हे माउलींनी शके १२१२ मध्ये मराठीत उघड करून ठेवले. ग्रंथाच्या शेवटी आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आपली नाथपंथी गुरुपरंपराही सांगितली. कीर्तनात हा भाग कोणी सोडवून सांगितलेला मी तरी फारसा ऐकला नाही.

आता थोडे आपल्या वृत्तपत्राबद्दल. ही बातमी ज्या अंकात, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत 'वशीकरण, करणी, असाध्य आजार, २४ तासांत गॅरंटी' आणि खाली मोबाइल नंबर! २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ६ महिने ते ७ वर्षे शिक्षा आहे, आणि ती अशा प्रकारांचा प्रचार-प्रसार करणाऱ्यालाही लागू होते. मंत्र, कवच, ताईत यांनी ठरावीक रोग बरे करण्याच्या जाहिरातींना तर १९५४ पासूनच मनाई आहे. गावात पेपर एकच येतो आणि पारावर हातोहात फिरतो. छापून आले म्हणजे खरे, असे मानणारी माणसे त्यात आहेत.

या जाहिराती घेणे बंद करणार की नाही, ते कृपया याच सदरात कळवावे.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ