‘डॉक्टर हू’ : दोष नटीचा नव्हे, संहितेचा

महोदय,

आपल्या वाचकांच्या सदरात एका गृहस्थांनी बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेवर लिहिलं आहे. काळातून आणि अवकाशातून फिरणारा ‘डॉक्टर’ नावाचा परग्रहवासी हा तिचा नायक. डॉक्टरची बाई केली आणि मालिकेचं वाटोळं झालं, असं त्यांचं म्हणणं. मालिका घसरली हे मलाही मान्य आहे, कारण मात्र पटत नाही. मी प्रियोळचा. गावच्या उत्सवी नाटकांत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत आलो, त्यामुळे नट कोण यापेक्षा वहीत काय लिहिलंय इकडे माझं लक्ष आधी जातं.

नट बदलणं हे तर या मालिकेच्या रक्तातच आहे. १९६३ साली ती सुरू झाली. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा १९६६ मध्ये डॉक्टर मरणाच्या दारात नवं शरीर धारण करतो अशी युक्ती काढून पॅट्रिक ट्रॉटन यांना आणलं गेलं. आमच्याकडे उत्सवातली भूमिका बापाकडून मुलाकडे जाते, तशी ती तिथे या नटाकडून त्या नटाकडे जात राहिली. बाई डॉक्टर झालेल्या जोडी व्हिटेकर २०१८ मध्ये आल्या त्या त्याच रांगेतून. त्यांच्या पहिल्याच वर्षातला विनय पटेल यांनी लिहिलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा भाग पत्रलेखकांनी पाहिलेला दिसत नाही. फाळणीचे दिवस, डॉक्टरची सोबतीण यास्मिन हिच्या आजीचं लग्न, आणि रानात दिसणारे भयाण परग्रहवासी. मारेकरी तेच, असं आपण धरून चालतो. ते निघतात एकट्याने मरणाऱ्यांजवळ साक्षीला उभे राहणारे, आणि घात करतो तो नवऱ्याचा सख्खा भाऊ. असा भाग ज्या डॉक्टरच्या वाट्याला आला, त्या डॉक्टरवर खापर कसलं फोडता?

खापर फोडायचंच तर २०२० च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’वर फोडा. डॉक्टर मुळात आपल्या गॅलिफ्रे ग्रहाची नाहीच, ती कुठूनशी सापडलेली पोर, आणि तिथल्या टाइम लॉर्ड लोकांना पुनर्जन्माची विद्या मिळाली ती तिच्यापासून, एवढी मोठी उलथापालथ. पण घडते कशी? डॉक्टर अडकून पडली आहे आणि तिचा जुना वैरी मास्टर तिला सगळं सांगतो आहे. नाटकात नायिकेने खांबाला टेकून खलनायकाची कथा ऐकत बसावं, असा प्रवेश कोणी लिहून आणला तर तालमीतच तो कापला जातो.

याउलट २००७ चा स्टीव्हन मोफट यांचा ‘ब्लिंक’ घ्या. पुतळे तुमची नजर असेपर्यंत हलत नाहीत, पापणी लवली की जवळ येतात. नियम एवढाच. पुढचं सगळं त्या नियमातून उगवतं; डॉक्टर तर त्या भागात जेमतेमच आहे. २००८ चा ‘मिडनाइट’ रसेल टी डेव्हिस यांचा. बहुतेक भाग एका बंद वाहनात, माणसं एकमेकांवर उलटतात, राक्षस शेवटपर्यंत दिसत नाही. (आमच्या नाट्यस्पर्धेत बसवावा असा आहे. नेपथ्याला काही खर्चच नाही.)

हेच डेव्हिस २०२३ मध्ये मालिकेचे सूत्रधार म्हणून परत आले. त्यांची लेखणी आटली असंही नाही. २०२४ चा ‘७३ यार्ड्स’ बघून माझी भाची रात्री अंगणात जायला तयार नव्हती. पण त्याच वर्षाचा शेवट? डॉक्टरची नवी सोबतीण रूबी, तिची आई कोण, यावर वर्षभर रहस्य रचलं, अवकाळी बर्फ पाडला, आणि आई निघाली एक साधी बाई. ती साधी निघाली हे मला आवडलंच. पण मग बर्फ का पडत होता, याचा हिशेब कोण देणार? आणि १९७५ च्या कथेतला सुतेख हा खलनायक परत आणून त्याच्याकडून अख्खं विश्व धुळीला मिळवलं, ते तासाभरात पूर्ववत. मरण असं उसनं आणलं की पुढच्या वेळी कोणी घाबरत नाही.

२०२५ मध्ये तर पुढची सोबतीण बेलिंडा हिच्यावर अन्यायच झाला. पहिल्या भागात ही नर्स डॉक्टरला ठणकावते, की माझी परवानगी न घेता माझा डीएनए तपासलास कसा? वा, म्हटलं, बाई उभी राहिली! आणि ‘द रिॲलिटी वॉर’ या शेवटच्या भागात ऐन लढाईच्या वेळी तिला लेकराबरोबर एका पेटीत बंद करून ठेवलं, आणि शेवटी तिला आधीपासूनच मुलगी होती असं मागचं सगळं बदलून टाकलं. पात्राची वर्षभराची कमाई एका रात्रीत पुसली.

माझ्या मते याचं मूळ भागांच्या संख्येत आहे. २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा वर्षाला तेरा भाग होते, २०२४ आणि २०२५ मध्ये आठच. तेरा भागांत तेव्हाची सोबतीण रोझ, तिची आई, तिचा मित्र मिकी, यांना नुसतं घरात वावरायला जागा होती. डेव्हिस यांच्याखेरीज रॉबर्ट शिअरमन, पॉल कॉर्नेल, मोफट यांचे वेगळे हात लागत होते. २०२४ मध्ये आठपैकी सहा भाग डेव्हिस यांचेच. त्यात एक मोठं कोडं कोंबायचं म्हटल्यावर पहिला बळी जातो तो माणसांचा. साठ-सत्तरच्या दशकांत सगळं सोनं होतं असंही मी म्हणत नाही. तेव्हाच्या सहा-सहा भागांच्या कथांत दोन भाग पकडापकडीत आणि बोळांतून पळण्यातच जात.

आता मालिकेतली डिस्नेची भागीदारी संपली. ‘द रिॲलिटी वॉर’च्या शेवटी तेव्हाचे डॉक्टर शूटी गात्वा यांच्या जागी, पूर्वी रोझचं काम केलेल्या बिली पायपर प्रकटल्या, आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं, पण डॉक्टर म्हणून नाही. ही डॉक्टर, रोझ की तिसरीच कोणी? नटी रंगमंचावर येऊन उभी आहे आणि पात्राचं नावच ठरलेलं नाही. पुढचा भाग कोणीही लिहो, पहिल्या पानावर तेवढं आधी लिहावं.

आपला,
एक प्रॉम्प्टर, प्रियोळ, फोंडा