पिठीचं, आणि शेरूचंही

डिचोली, १४ जुलै

प्रिय सुमे,

आपली मांजर, पिठी, गेली. गेल्या मंगळवारी, दुपारी साडेतीनला. आपणहून गेली नाही, मी तिला म्हापशाला नेऊन इंजेक्शन देवविलं. हे सांगायला तीनदा तुझा नंबर लावला आणि तीनदा कट केला. तू 'हॅलो' म्हटलं असतंस की मला आधी तुझा कुत्रा, शेरू, आठवला असता आणि पुढे तोंडातून शब्द फुटला नसता. म्हणून पत्र. चार महिने तुला दोन ओळी खरडल्या नाहीत, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल, पण आधी हे वाच.

आईचे गुडघे तसेच, माझी शुगर आटोक्यात, छप्पर दरवर्षीच्याच जागी गळतंय. झालं.

गेल्या चवथीला तू आलीस तेव्हा तूच विचारलं होतंस, 'ही एवढं पाणी का पिते गो?' न्हाणीतल्या बादलीत मान घालून पीत होती. मी म्हटलं, उकडतंय. उकडत नव्हतं गं, मूत्रपिंडं चालली होती. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन भलतंच वाढलेलं. डॉक्टर म्हणाली, मांजरं अशीच, मूत्रपिंडांचं दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेर काही दाखवत नाहीत. (डॉक्टर म्हणजे आपली ती दोन वेण्यांची, मागच्या बाकावरची! अजून मला 'टीचर' म्हणते आणि मी समोर गेले की खुर्चीतून उठते.) हा आजार बरा होत नाही, सांभाळायचा असतो, हेही तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

मग ऑक्टोबरपासून एक दिवसाआड घरीच सलाइन. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून उचलायची, त्या पोकळीत सुई घालायची. १०० मिली आत जाईपर्यंत पिठी माझ्या मांडीवर बसून मला शिव्या घालायची. पाणी कातडीखाली साचलं की तिच्या पाठीवर बैलासारखं वशिंड यायचं, मग ते हळूहळू पुढच्या पायात उतरायचं. आई म्हणायची, 'आला आमचा नंदी, तांदूळ घाला!' आठ महिने आम्ही तिघी त्यावर हसत होतो. ते आठ महिने फार चांगले गेले, हे तुला मुद्दाम सांगते.

जूनपासून सलाइनलाही ती दाद देईना. तोंडात फोड आले, श्वासाला घाण वास यायला लागला. माशाकडे यायची, हुंगायची, ओठ चाटायची आणि मान फिरवायची. भूक होती पण मळमळ तिला खाऊ देत नव्हती. अंग चाटणं सोडलं. आपली पिठासारखी पांढरी पिठी मळक्या कापसासारखी दिसायला लागली. ४ किलो २०० ग्रॅमची २ किलो ३०० वर आली. दिवसभर तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसायची.

तेव्हा डॉक्टर म्हणाली, 'टीचर, तिच्या आवडीच्या पाच गोष्टी लिहून काढा आणि त्यातल्या किती ती अजून करते ते रोज बघा.' मी लिहिल्या: पदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजला की दारात जाणं, आईच्या पोथीवर बसणं, आमच्या काळू बोक्याच्या कानशिलात देणं, खिडकीतून पाऊस बघणं आणि माझ्या पोटरीला डोकं घासणं. कालनिर्णयवर पेन्सिलीने बऱ्या दिवसाला टिकली आणि वाईट दिवसाला फुली. आषाढी एकादशीला बघितलं तर सलग नऊ फुल्या होत्या. पाचातली एकच गोष्ट उरली होती, पाऊस बघणं. तेही मी उचलून खिडकीत ठेवलं तर. मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ती म्हणाली, 'आठवडाभर लवकर झालेलं परवडतं टीचर, एक दिवसाचा उशीर परवडत नाही. उशिराचा दिवस तिला भोगावा लागतो.' मंगळवार ठरला.

आणि मंगळवारी सकाळी तिने मासा खाल्ला.

सुमे, मला हेच सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या आगेमागे आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर निघत नाहीत, आणि चातुर्मास म्हणून आईचं वशाटही बंद. घरात मासळीचा वास नव्हता. आणि त्याच सकाळी नदीतले मासे विकणारी बाय दारात आली, शेवटे जातीचे दोन मासे काढून ठेवले आणि म्हणाली, 'माजराखातीर घे गो, पयशे नाकात.' नावातच काय ते समज. मीठही न घालता उकडून, काटे काढून, बोटाने पुढे धरलं. तिने खाल्लं. एक घास, दुसरा, तिसरा. मग मागचा पाय लटपटत असतानाही दारापर्यंत गेली आणि पदेराच्या सायकलीकडे बघत बसली. मी तिथेच जमिनीवर बसले. पाचातली एक गोष्ट परत आली होती ना! जाऊ की नको? फोन करून रद्द करू? अजून चार दिवस? अजून एक सलाइन?

डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, शेवटाकडे असा एखादा बरा तास येतो, ज्योत मोठी होते तसा. तो धरून थांबलात तर पुढचं येतं ते वाईट येतं, अंगात विष चढून झटके येतात, तेही रात्री, दवाखाना बंद असताना. मला पटलं. आजही पटतं. पण रात्री अडीचला जाग येते तेव्हा फक्त ते तीन घास दिसतात.

त्यात आत्या. तिला कोणी सांगितलं कोण जाणे, साखळीहून फोन केला. 'मांजर मारलंस? काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, ठाऊक आहे ना?' म्हटलं, आत्ये, पंधरा वर्षं जिला मांडीवर वाढवली तिला मी मारली असं तुला वाटतं का? ती गप्प झाली, मग म्हणाली, 'माझी कपिलासुद्धा शेवटी तशीच पडून होती गो, तीन दिवस.' आणि रडायला लागली. सोनं बाजूला राहिलं, आम्ही दोघी फोनवर रडत बसलो.

आता तिथलं सांगते. तुला ठाऊक आहे सगळं, पण कुत्र्याचं आणि मांजराचं थोडं वेगळं असतं, आणि मला कोणाला तरी पहिल्यापासून सांगायचंय.

दुपारी दवाखाना बंद असतो त्या वेळात बोलावलं होतं, कुत्र्यांच्या भुंकण्यात नको म्हणून. पैसे आणि सही आधीच घेतली, नंतर काउंटरवर उभं राहायला लागू नये म्हणून. आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा टेबलावर घातला. अस्नोड्यापासून सगळा रस्ता ती पिशवीतून तोंड बाहेर काढून काचेवरचा पाऊस बघत आली होती. आठवतं तुला, हिला पहिल्यांदा म्हापशाहून आणली तेव्हाही पिशवीच? तुझ्या डब्याच्या पिशवीत कोकलत होती, आणि कंडक्टर म्हणाला, 'बारक्याचें हाफ तिकीट काडचें पडटलें!' आणि तू खरंच पैसे काढलेस! (आधी मला दिसली होती ती, केळीवाल्याच्या गाड्याखाली. यावर आता तरी वाद घालू नकोस.)

आधी मांडीत गुंगीचं इंजेक्शन दिलं. ते टोचतं, ती फिस्कारली. मला बरं वाटलं तिचा राग बघून. मग सात-आठ मिनिटं ती माझ्या हातावर. हळूहळू मान जड झाली, जिभेचं गुलाबी टोक बाहेर राहिलं. डोळे उघडेच. मांजरांचे मिटत नाहीत, हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मला वाटलं असतं ती जागी आहे आणि माझ्याकडे बघतेय. पुढच्या पायावरचे केस मशीनने काढले. काडेपेटीएवढा चौकोन, खाली निळसर कातडी. पंधरा वर्षांत ती कातडी मी कधी बघितली नव्हती. अंगातलं पाणी आटल्याने शीर सापडेना. डॉक्टरने तो पाय सोडला, मागचा घेतला, घाई केली नाही. त्या वेळात मी पिठीचा पंजा धरून होते. नखाच्या आत आमच्या अंगणाची तांबडी माती होती, सकाळचीच, दारात गेली होती ना.

दुसरं औषध म्हणजे भूल द्यायचंच औषध, पण फार मोठ्या मात्रेत. आधी मेंदू झोपतो, मग श्वास, मग हृदय. मिनिटसुद्धा लागलं नाही. 'पिठ्या, पिठ्या' एवढंच म्हणत होते मी. डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावला आणि खूप वेळ ऐकत राहिली, मग मान हलवली. तेवढ्यात पिठीने एक मोठा श्वास घेतला! मी ओरडलेच, 'जिती आहे गो ही!' ती म्हणाली, नाही टीचर, हे नुसते स्नायू, ती गेलीय. पुन्हा ऐकलं, मलाही ऐकवलं. सुमे, त्या नळीत काहीच नव्हतं. बाहेर पागोळ्या पडत होत्या त्यांचा आवाज तेवढा. मग लुगडं ओलं झालं, तेही होतं, सगळं सैल पडतं. मी पुसलं, आणि तिला घेऊन आले.

मानकुराद आंब्याच्या बुंध्याजवळ पुरलं. तीन फूट खोल खणायला सांगितलं होतं. एक तर कुत्री उकरतात, आणि औषध अंगात राहतं, कोणी खाल्लं तर तेही जनावर मरेल. वरची माती पावसाने लोण्यासारखी, आणि दीड फुटावर जांभा लागला. शेजारचा बाबू पहार घेऊन आला आणि तासभर घाव घातले, खड्ड्यात भरलेलं पाणी टमरेलाने उपसलं. एक पैसा घेतला नाही त्याने. वर दोन चिरे ठेवलेत. पुरायच्या आधी काळूला जवळ आणला. त्याने कान हुंगले, शेपटीपर्यंत गेला, आणि तिच्या पिंपामागच्या जागेत जाऊन बसला. पहिले तीन दिवस रात्री घरभर ओरडत फिरला. कालपासून जेवतो.

आता शेरू.

२०१६ चा तो फोन मला शब्दन् शब्द आठवतो. तू म्हणालीस, गाडीत बसताना त्याने शेपटी हलवली गं. आणि मी म्हटलं, 'शेपटी हलवत होता ना? मग मारलंस कशाला?' तू पुढे काहीतरी सांगायला लागलीस आणि मी 'दूध उतू चाललंय' म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं गॅसवर. त्यानंतर आपण दिवाळीला बोललो, चवथीला भेटलो, चोर्ला घाटात धुक्यात गाडी बंद पडली तेव्हा पोट धरून हसलो, पण शेरूचं नाव तू माझ्यासमोर पुन्हा काढलं नाहीस. नऊ वर्षं. मला वाटायचं तू विसरलीस. तू विसरली नव्हतीस, मी ते तुला बोलू दिलं नव्हतं. ती शेपटी आणि हे तीन घास एकच आहेत गं. मी तुझ्यावर जो दगड मारला तो किती मोठा होता ते आता कळलं. माझं चुकलं, सुमे. नऊ वर्षं उशिरा म्हणतेय, पण मनापासून म्हणतेय.

तुझं सगळं ठीक ना? बेळगावात पाऊस कसा आहे? भावजींचा मोतीबिंदू झाला का? नव्या घराच्या चाव्या मिळाल्या की अजून बिल्डर तारखाच देतोय? लेकीने मांजराचं पिल्लू आणलंय असं तुझ्या वहिनीकडून कळलं. तू मला सांगितलं नाहीस, पिठी आजारी म्हणून असेल. सांगत जा गं. त्याचा फोटो पाठव.

चवथीला ये. गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीला या वर्षी काहीच जमवलेलं नाही, तू आलीस तर होईल. आणि येशील तेव्हा, किंवा त्याआधी फोनवर, जसं जमेल तसं, ते पुढचं सांग. शेरूने गाडीत शेपटी हलवली, आणि मग? मी ऐकायला बसलेय.

तुझी,
शालू

ता. क. पिल्लाला ताप वाटला तर आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा द्यायची नाही, मांजराला ती विष आहे. लेकीला आजच सांग. आणि फुलदाणीत लिली ठेवत असशील तर काढ, तिचा पराग नुसता अंगावरून चाटला तरी मूत्रपिंडं जातात.